सदुसष्ट गुणांवर भाष्य

कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळवायला निघालेला माणूस बहुधा ऑनलाइन कॅल्क्युलेटरपासून सुरुवात करतो. वय, पदवी, आयईएल्टीएसचे बँड, नोकरीची वर्षे भरली की एक आकडा समोर येतो आणि पुढची सगळी धावपळ त्या आकड्याभोवती होते. आकडा ज्या नियमांतून निघतो ते मात्र क्वचितच कोणी वाचते. हे नियम दोन ठिकाणी आहेत. एक म्हणजे 2001 साली मंजूर होऊन 28 जून 2002 रोजी अमलात आलेला ‘इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन अॅक्ट’, आणि दुसरे म्हणजे त्याखालच्या विनियमांतली 75 ते 83 ही कलमे. ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ या वर्गाची सगळी मांडणी या नऊ कलमांत सापडते. पुढे महत्त्वाच्या ओळींचा आशय माझ्या मराठीत दिला आहे आणि प्रत्येकीखाली भाष्य आहे.

कायदा, कलम 12(2) : कॅनडात आर्थिकदृष्ट्या स्थिरावण्याची क्षमता पाहून परदेशी व्यक्तीची आर्थिक वर्गात निवड करता येईल.

या ओळीत काय नाही ते आधी पाहावे. अर्जदार कुठे जन्मला, कोणत्या वंशाचा, हे तिच्यात नाही. ही अनुपस्थिती फार महागात मिळालेली आहे. 1908च्या नियमाने मायदेशातून अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच कॅनडात उतरण्याची मुभा ठेवली. भारतातून तशी थेट बोटच नव्हती. नियमात भारताचे नाव न घेता भारतीयांना रोखण्याची ती सोय होती. 1914 साली ‘कोमागाटा मारू’ 376 प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने उभी राहिली आणि बहुतेकांना जमिनीवर पाय न ठेवता परतावे लागले. 1951मध्ये भारतीयांसाठी वर्षाला 150 जागा ठरल्या, 1957मध्ये त्या 300 झाल्या. अख्ख्या भारतातून वर्षाला तीनशे माणसे.

1962 साली मंत्री एलन फेअरक्लॉ यांच्या नियमांनी वंशभेद बहुतांशी काढला, आणि 1 ऑक्टोबर 1967 रोजी लेस्टर पिअर्सन यांच्या सरकारने गुणपद्धती आणली. जगातली अशी ती पहिली पद्धत. शंभरपैकी पन्नास मिळाले की पात्र. तिच्यात शिक्षणाला 20, व्यवसायाच्या मागणीला 15, भाषेला 10, वयाला 10 गुण होते. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत मूल्यमापनालाही 15 होते, म्हणजे समोरच्या माणसाची उमेद आणि जुळवून घेण्याची तयारी अधिकाऱ्याने नजरेने जोखायची. आजच्या तक्त्यात ते 15 गुण नाहीत.

कलम 12(2)ची ही ओळ मोठी का, ते अमेरिकेकडे पाहिले की कळते. तिथे नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण 7 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून न्यू जर्सीत किंवा बे एरियात पंधरा वर्षे कर भरणारे मराठी इंजिनिअर अजून रांगेत आहेत. त्यांच्या कामाबद्दल तक्रार नाही, जन्मस्थान आड येते. जुलै 2023मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-1बी व्हिसाधारकांसाठी 10,000 अर्जांची वर्क परमिट योजना उघडली तेव्हा ती दोन दिवसांच्या आत भरली.

मात्र याच ओळीने निवडीचा अधिकार सरकारच्या हाती ठेवला आहे. क्षमता सिद्ध झाली म्हणून निवड झालीच पाहिजे असा हक्क अर्जदाराला ती देत नाही. पुढच्या सगळ्या ओळी हे लक्षात ठेवून वाचाव्यात.

विनियम 75 : क्वेबेकबाहेर राहण्याचा इरादा असावा, गेल्या दहा वर्षांत कुशल व्यवसायात किमान एक वर्ष सलग पूर्णवेळ काम केलेले असावे, त्या व्यवसायाच्या अधिकृत वर्णनातली मुख्य कामे प्रत्यक्ष केलेली असावीत.

क्वेबेक प्रांत आपली माणसे आपण निवडतो. मॉन्ट्रियलला जायचे मनात असेल त्याने या वाटेने येऊ नये.

खरी अडचण शेवटच्या तुकड्यात आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात प्रत्येक व्यवसायाचे वर्णन दिलेले असते आणि अधिकारी हुद्दा न पाहता काम पाहतो. आपल्याकडची बहुतेक पत्रे याच्या नेमकी उलट असतात. एचआर जे रिलीव्हिंग लेटर देते त्यात अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ‘सीनियर असोसिएट’ म्हणून काम केले एवढेच असते. अर्जाला लागते ते पत्र वेगळे : लेटरहेडवर, सही करणाऱ्याच्या नाव-हुद्द्यासह, आठवड्याचे तास, पगार आणि कामांची यादी. ‘आमच्या पॉलिसीत बसत नाही’ हे उत्तर हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत ऐकू येते. मग जुन्या मॅनेजरचे प्रतिज्ञापत्र, नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि कंपनीने नकार दिल्याचा ईमेल असा पुरावा रचावा लागतो. वर्णनातली वाक्ये जशीच्या तशी उतरवलेले पत्र मात्र संशय ओढवून घेते. आपण रोज काय करत होतो ते आपल्या भाषेत लिहून द्यावे. ते वर्णनाशी आपोआप जुळत नसेल तर व्यवसायाचा कोड चुकला आहे.

इथे खोटे घालण्याचा मोह होतो आणि एजंट तो वाढवतात. कायद्याच्या कलम 40खाली चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर पाच वर्षे दार बंद होते. फॉर्म एजंटने भरला होता, हा बचाव फारसा टिकत नाही, कारण अर्जाची जबाबदारी अर्जदाराची असते. पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडाच्या कायद्याने वकील, पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी आणि परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार एवढ्यांनाच दिला आहे. परवाना नोंदवहीत तपासता येतो, तो तपासावा.

विनियम 76(1), पहिला भाग : शिक्षण, भाषा, अनुभव, वय, ठरलेली नोकरी आणि जुळवून घेण्याची क्षमता या सहा निकषांवर गुण दिले जातील.

2013पासूनची वाटणी अशी : भाषा 28, शिक्षण 25, अनुभव 15, वय 12, नोकरी 10, जुळवून घेणे 10. 1967च्या शेजारी हा तक्ता ठेवला की दिशा स्पष्ट दिसते. भाषा 10वरून 28वर गेली आणि व्यवसायाची मागणी तक्त्यातून गेली.

लग्न झालेल्या जोडप्याने इथेच थांबून एक हिशेब करावा. मुख्य अर्जदार नवराच असला पाहिजे असे कायद्यात कुठेही नाही. आपल्या घरांत मात्र ते न बोलता ठरलेले असते. बायको चार वर्षांनी लहान, इंग्रजी चांगले, पदव्युत्तर शिक्षण झालेले, आणि तरी फाइल नवऱ्याच्या नावाने जाते. दोघांचे गुण स्वतंत्र मोजावेत. दोघेही पात्र असतील तर दोघांनी आपापली प्रोफाइल भरण्यालाही हरकत नाही.

विनियम 76(1), दुसरा भाग : ठरावीक किमान उत्पन्नाच्या निम्मी रक्कम, हस्तांतरणीय, उपलब्ध आणि कर्जमुक्त अशी, अर्जदाराजवळ असावी.

कॅनडात काम करण्याचा परवाना आणि पक्की नोकरी असेल तर ही अट नाही. इतरांसाठी आहे, आणि आकडा दरवर्षी बदलतो. 2025मध्ये एकट्या माणसासाठी तो 15,263 कॅनेडियन डॉलर होता. घर, जमीन, सोने यांची किंमत यात धरली जात नाही. बँकेच्या पत्रात खाते उघडल्याची तारीख, सध्याची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि थकीत कर्जे लागतात. त्यामुळे अर्जाच्या आठवड्यात काकांनी खात्यावर टाकलेले दहा लाख प्रश्न निर्माण करतात. वडिलांनी पीएफमधून पैसे दिले असतील तर परतफेड नसल्याचे गिफ्ट डीड आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडावा. उसने घेतलेले पैसे दाखवणे या ओळीच्या सरळ विरुद्ध आहे, आणि तिथे उतरल्यावर पहिल्या तीन महिन्यांच्या भाड्याला ते उपयोगीही पडत नाहीत.

विनियम 76(2) : किमान गुण मंत्री ठरवील, आलेले अर्ज, अपेक्षित संख्या आणि अर्जदारांच्या स्थिरावण्याची शक्यता पाहून.

सगळ्या नियमांत ही ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 2002मध्ये किमान 75 होते, सप्टेंबर 2003मध्ये 67 झाले आणि आजही तेच आहेत. पण त्या 67चा अर्थ मधल्या काळात पार बदलला.

पूर्वी 67 मिळाले की अर्ज दाखल व्हायचा आणि त्याचा निर्णय व्हायचाच. मर्यादा पार करणारे सगळे आत घेतले जात असल्याने अर्ज साचत गेले, लोक पाच-सहा वर्षे थांबले. 2012 साली संसदेने कायदा करून 27 फेब्रुवारी 2008पूर्वी आलेले आणि निर्णय न झालेले अर्ज एका फटक्यात रद्द केले. सुमारे 2 लाख 80 हजार माणसांचा प्रश्न होता. फी परत दिली. वर्षे कुठून परत देणार? काही जण न्यायालयात गेले आणि हरले. निवडीचा हक्क कायद्याने दिलेलाच नव्हता, म्हणून न्यायालयाचा निर्णय कायद्याला धरून होता. तरीही नियम पाळून रांगेत थांबलेल्यांशी हे वागणे अन्यायाचे होते असे माझे ठाम मत आहे.

1 जानेवारी 2015पासून एक्स्प्रेस एन्ट्री ही निवडीची नवी पद्धत आली. आता 67 गुणांनी फक्त उमेदवारांच्या पूलमध्ये प्रवेश मिळतो. तिथे 1200 गुणांच्या दुसऱ्या मोजपट्टीवर, म्हणजे सीआरएसवर, सगळ्यांची क्रमवारी लागते आणि सरकार वेळोवेळी ड्रॉ काढून वरच्यांना अर्जाचे आमंत्रण देते. बारावी पास होणे आणि हव्या त्या कॉलेजच्या कटऑफमध्ये बसणे यांत जे अंतर आहे तेच इथे आहे. कटऑफ आपल्या हुशारीवर ठरत नाही, त्या दिवशी पूलमध्ये कोण आहे आणि सरकारला किती माणसे हवी आहेत यावर ठरते. 13 फेब्रुवारी 2021 रोजी, साथीमुळे सीमा बंद असताना, कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी कटऑफ 75 गुणांवर आला आणि 27,332 जणांना एका दिवसात आमंत्रण गेले. 2024च्या सर्वसाधारण ड्रॉमध्ये तो 524च्या खाली आलाच नाही.

म्हणून ‘माझे 67 होतात’ या वाक्याने आनंदून जाऊन नोकरीचा राजीनामा देणारा माणूस पाहिला की काळजी वाटते. थांबण्याची अनिश्चितता पूर्वी सरकारी कपाटात होती. 2015पासून ती अर्जदाराच्या घरात आली.

विनियम 76(3) : गुणांवरून अर्जदाराची स्थिरावण्याची क्षमता नीट कळत नसेल तर अधिकारी आपले मूल्यमापन गुणांच्या जागी ठेवू शकेल.

1967च्या त्या पंधरा गुणांचा हा वारसा. दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते, आणि प्रत्यक्षात ही ओळ क्वचितच कामी येते. तिच्यावर विसंबून कोणी अर्ज करू नये.

विनियम 78 : परदेशी पदवीची कॅनडातील पदवीशी समतुल्यता मान्य संस्थेकडून ठरवून घ्यावी, त्यानुसार 25पर्यंत गुण.

पीएचडीला 25, मास्टर्सला 23, तीन वर्षांच्या पदवीला 21, बारावीला 5. समतुल्यतेसाठी बहुतेक मराठी अर्जदार ‘वेस’ या मान्य संस्थेकडे जातात आणि विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट थेट तिकडे पाठवावे लागते. यात खरा वेळ जातो तो नावांत. एसएससी बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपले नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी पहिल्या रकान्यात जोडलेले तर कधी गायब. लग्नानंतर बाईचे मधले आणि शेवटचे अशी दोन्ही नावे बदललेली, पदवी माहेरच्या नावाची. कॅनडातला कारकून ही आपली पद्धत ओळखत नाही आणि त्याने ओळखावी अशी अपेक्षाही रास्त नाही. फॉर्ममध्ये ‘इतर नावे’ असा रकाना असतो. त्यात प्रत्येक रूप लिहावे, विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडावी.

विनियम 79 : ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही कौशल्यांत किमान पातळी हवी, पहिल्या भाषेला 24पर्यंत, दुसऱ्या अधिकृत भाषेला 4 गुण.

किमान पातळी म्हणजे कॅनडाच्या भाषा मापनातली सातवी, आयईएल्टीएसमध्ये चारही विभागांत 6. चारही निकाल एकाच परीक्षेतले हवेत आणि अर्जाच्या दिवशी ते दोन वर्षांपेक्षा जुने नसावेत. पास होण्यापुरते एवढे पुरे. क्रमवारीत मात्र सगळा खेळ नवव्या पातळीवर आहे : ऐकण्यात 8, बाकी तिन्हींत 7. कोचिंग क्लासमधली मुले याला ‘एट ट्रिपल सेव्हन’ म्हणतात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. 29 वर्षांची अविवाहित मुलगी, मास्टर्स झालेली, भारतात तीन वर्षे नोकरी. सीआरएसमध्ये वयाचे 110, शिक्षणाचे 135, चारही विभागांत नववी पातळी असेल तर भाषेचे 124. शिवाय शिक्षण आणि अनुभव यांच्या भाषेशी जोडणीचे 50 आणि 50. एकूण 469. आता फक्त लेखनात 7ऐवजी 6.5 आले असे समजू. लेखनाचे 8 जातात, आणि दोन्ही जोडण्या निम्म्यावर येऊन आणखी 50 जातात. एकूण 411. निबंधातल्या अर्ध्या बँडने 58 गुण नेले. दुसऱ्या बाजूला एमएऐवजी पीएचडी केली तर शिक्षणात फक्त 15 वाढतात. पैसा आणि वेळ थोडा असलेल्या माणसाने तो आधी इंग्रजी लेखनावर खर्च करावा, हे या तक्त्यातून सरळ निघते.

दुसरी भाषा म्हणजे फ्रेंच. विनियमात तिला 4 गुण दिसतात म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण जून 2023पासून सरकार विशिष्ट गटांसाठी वेगळे ड्रॉ काढते आणि फ्रेंच येणारे हा त्यांतला एक गट आहे. 28 फेब्रुवारी 2024च्या सर्वसाधारण ड्रॉचा कटऑफ 534 होता, दुसऱ्याच दिवशी फ्रेंचच्या ड्रॉचा 336. वरच्या उदाहरणातली मुलगी 411 गुणांवरही त्या दिवशी आत गेली असती, फ्रेंचच्या चारही कौशल्यांत सातवी पातळी असती तर. ती पातळी दोन-चार महिन्यांत येत नाही, हेही तितकेच खरे. पण पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेज आहे, आणि आठवी ते दहावी शाळेत फ्रेंच घेतलेली कितीतरी मुले महाराष्ट्रात आहेत. विशीत हे सुरू करणाऱ्याला हा मार्ग खुला आहे.

विनियम 80 : अनुभवाला 15पर्यंत गुण.

एक वर्षाला 9, सहा किंवा अधिक वर्षांना 15. कलम 75खाली जे पत्राबद्दल म्हटले तेच इथे.

विनियम 81 : 18 ते 35 वयाला 12 गुण, पुढे दर वर्षाला एक कमी, 47व्या वर्षी शून्य.

हे कलम आणि सीआरएस एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. विनियमाच्या लेखी पस्तिशीचा माणूस पूर्ण तरुण आहे, 12पैकी 12. सीआरएसमध्ये त्याच माणसाचे, अविवाहित असल्यास, 110पैकी 77 उरलेले असतात. उतार तिसाव्या वाढदिवसाला सुरू होतो, दर वर्षी पाच-सहा गुण. चाळिशीनंतर दर वर्षी अकरा आणि 45व्या वर्षी काहीच नाही. वय हा एकच निकष असा आहे ज्यात अर्जदार काही करू शकत नाही आणि थांबण्याची शिक्षा मात्र तोच भोगतो. ट्रान्स्क्रिप्टला चार महिने लागले आणि मध्ये वाढदिवस गेला, तर विद्यापीठाच्या दिरंगाईचे गुण त्याच्या खात्यातून वजा होतात. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्याने समतुल्यता आणि भाषेची परीक्षा या दोन गोष्टी समांतर सुरू कराव्यात.

विनियम 82 : ठरलेल्या नोकरीला 10 गुण.

हे 10 गुण विनियमात राहिले आहेत. सीआरएसमध्ये नोकरीच्या पत्राला सुरुवातीला 600 गुण होते, नोव्हेंबर 2016मध्ये 50 किंवा 200 झाले आणि 25 मार्च 2025पासून काहीच उरले नाहीत, कारण पत्रांचा बाजार भरला होता. पैसे घेऊन ‘जॉब ऑफर’ देऊ म्हणणारा आजही भेटतो. क्रमवारीसाठी त्याच्या हातात विकण्यासारखे काही नाही.

विनियम 83 : जोडीदाराची भाषा, दोघांचे कॅनडातील शिक्षण वा काम, आणि तिथे राहणारे नातेवाईक यांवरून 10पर्यंत गुण.

नातेवाइकाचे 5 गुण. तो 18 वर्षांवरचा, कॅनडाचा नागरिक किंवा पीआर, आणि प्रत्यक्ष तिथे राहणारा असावा. आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी, भाचा, पुतणी चालतात, आणि ते जोडीदाराचे असले तरी चालतात. चुलत, मामे, मावस भावंडे मात्र मोजली जात नाहीत, मग लहानपण एका घरात गेलेले असो. मावसभाऊ ब्रॅम्प्टनला असेल तर पहिल्या महिन्यात राहायची सोय होईल, गुण मिळणार नाहीत. मावशी तिथे असेल तर मिळतील. जन्मदाखल्यांवरून तुमची आई आणि ती एकाच आईवडिलांच्या मुली असल्याचे दाखवावे लागेल. सीआरएसमध्ये ही यादी आणखी आखडते आणि फक्त सख्ख्या किंवा सावत्र भावंडाला 15 गुण राहतात.

मंत्र्यांच्या निर्देशांतून : कटऑफवर अनेक उमेदवार असतील तर ज्याची प्रोफाइल आधी दाखल झाली तो आधी.

ही ओळ विनियमांत नाही, प्रत्येक ड्रॉच्या निर्देशांत तारीख आणि वेळेसह येते. तेवढेच गुण असलेल्या दोघांतला एक आत जातो आणि दुसरा पुढच्या ड्रॉची वाट पाहतो, कधी काही मिनिटांच्या फरकाने. प्रोफाइलची मुदत बारा महिने असते. ती संपून नवी भरली की वेळही नवी पडते आणि माणूस समान गुणांच्या गटात मागे जातो. आमंत्रण आले की पूर्ण अर्जाला 60 दिवस मिळतात. तेवढ्यात पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, बँकेची पत्रे आणि कंपनीचे ते पत्र असे सगळे लागते. वयाच्या अठरापासून गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे सलग सहा महिने राहिलो त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला हवा असतो. दुबईत किंवा सिंगापुरात नोकरी करून परतलेल्यांना त्यालाच सर्वांत जास्त दिवस लागतात, तेव्हा त्या देशाची पद्धत पूलमध्ये थांबलेले असतानाच विचारून ठेवावी.